प्रवेशाची यादी : राजाराम कॉलेज ते सीईटी

मे महिना लागला की आपल्या बॅचच्या ग्रुपवर सुप्रभातचे फोटो कमी होतात आणि पर्सेंटाइल सुरू होतं. कुणाच्या मुलाला ९१, कुणाच्या मुलीला ९६. कुठं लागेल? फॉर्ममध्ये वर काय टाकायचं? मग कुणीतरी हमखास लिहितं, "आपल्या वेळी एवढी भानगड नव्हती बाई." मला हे पटत नाही. यादी तेव्हाही होती. फक्त ती आपण करत नव्हतो, दुसरंच कुणीतरी किंवा काहीतरी आपल्यासाठी करून ठेवत होतं. सरांनी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा कोल्हापूरच्या या यादीचीच गोष्ट सांगावी असं वाटलं.

राजाराम कॉलेज १८८० चं. गोपाळ कृष्ण गोखले मॅट्रिक होऊन तिथं दाखल झाले, पण पुढच्या वर्गांसाठी त्यांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये जावं लागलं. १८८४ मध्ये ते बी.ए. झाले. या प्रवासाचा खर्च थोरल्या भावानं उचलला, त्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडून नोकरी धरली. म्हणजे एका घरातून दोन मुलं शिकू शकत होती आणि यादीत एकाचंच नाव बसलं. ते कुणी ठरवलं? पगारानं.

शाहू महाराजांनी नेमकी हीच गाठ ओळखली. खेड्यातल्या मुलाला कॉलेजात जागा मिळेलही, पण तो रात्री झोपणार कुठं आणि जेवणार काय? १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकातून आपण रोज शाळेला गेलो, पण या इमारतींकडे प्रवेशाच्या दृष्टीनं कधी पाहिलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर महाराजांनी कटऑफला हात न लावता शेकडो मुलांची यादी लांब केली.

इंजिनिअरिंगचं मात्र कोल्हापुरात फार उशिरा आलं. पुण्याचं १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं (आजचं वालचंद) १९४७ चं, कऱ्हाडचं शासकीय १९६० चं. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी गोकुळ शिरगावला केआयटी, वारणानगर, इस्लामपूरजवळ साखराळे अशी रांगच लागली. पुढच्या वर्षी कसबा बावड्यात डी. वाय. पाटील. या धोरणावर टीका खूप झाली आणि त्यातली बरीचशी रास्त होती. तरी आपल्या वर्गातल्या किती मुली त्यामुळं इंजिनिअर झाल्या ते मोजलं, तर माझं मत दादांच्या बाजूनं झुकतं.

कारण आपली बारावी १९९८ ची. प्रवेश फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांवर. उन्नीकृष्णन खटल्याच्या १९९३ च्या निकालामुळं खासगी कॉलेज यादीत दोनदा यायचं, एकदा फ्री सीट म्हणून आणि एकदा पेमेंट सीट म्हणून. वर होम युनिव्हर्सिटीचा ७०:३० चा हिशोब. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत ७० टक्के जागा आपल्या, पुण्यात गेलो की आपण उरलेल्या ३० टक्क्यांतले पाहुणे. (सोलापूर तेव्हा आपल्यातच होतं. २००४ मध्ये त्यांचं वेगळं विद्यापीठ झालं, आता तिथली मुलं इकडं पाहुणी.) हा सगळा हिशोब मुलांसाठी होता. मुलींचा त्याआधीच झालेला असायचा. आपल्यातल्या एकीला पुण्याला सहज मिळाली असती अशी ब्रँच होती, पण तिच्या घरच्यांनी एकच नाव लिहिलं, जिथून संध्याकाळी केएमटीनं घरी परतता येईल असं. धाकट्या भावाला तिच्यापेक्षा कमी मार्क होते, त्याच्या यादीत पुणे, मुंबई, नागपूर सगळं होतं. माझ्या यादीत सांगली आलं त्याचं कारणही मार्क नव्हेत, विश्रामबागेत मावशी राहायची.

त्यानंतर नियम इतक्यांदा बदलले की मागच्या वर्षीची कात्रणं जपून ठेवणाऱ्या पालकांची कीव यावी. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं फ्री-पेमेंटची व्यवस्था मोडीत काढली. २००४ मध्ये इंजिनिअरिंगला सीईटी आली. २०१४ आणि २०१५ मध्ये तिच्या जागी जेईई मेन आणि बारावी निम्मी-निम्मी, २०१६ मध्ये पुन्हा सीईटी, २०१९ पासून संगणकावर परीक्षा आणि मार्कांऐवजी पर्सेंटाइल. २०२४ मध्ये एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची मर्यादा उठवली, तशा कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या. कटऑफ म्हणजे मागच्या वर्षी शेवटी आत शिरलेल्या मुलाचा आकडा. तो उंबरठा नाही, एका वर्षाची नोंद आहे. म्हणून एका वर्षाची नको, तीन वर्षांची पाहावी, आणि पर्सेंटाइलपेक्षा शेजारचा मेरिट नंबर पाहावा. GOPENH वगैरे कोडं म्हणजे, आपल्या लिपीत, जी-ओपन-एच. शेवटचा एच होम युनिव्हर्सिटीचा, ओ बाहेरच्यांचा, एस राज्यस्तराचा. सुरुवातीला एल असेल तर ती मुलींच्या ३० टक्क्यांतली जागा. तिचा कटऑफ वेगळा असतो आणि पुष्कळ आईबाप तो बघतच नाहीत.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. १९६२ मध्ये, शिवाजी विद्यापीठ निघालं त्याच वर्षी, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेशावर एक छोटा निबंध लिहिला. पसंतीक्रम घेऊन जागा अशा वाटता येतात की कुणालाही आपली खरी आवड लपवावी लागू नये, असा त्यातून पुढं निघालेला विचार. शॅप्लींना त्यासाठी २०१२ मध्ये नोबेल मिळालं. आपला कॅप राउंड त्याहून साधा आहे. मेरिट नंबरानं एकेका मुलाचा फॉर्म उघडायचा, पहिला पर्याय शिल्लक आहे का पाहायचं, नसेल तर दुसरा. म्हणून अवघड कॉलेज वर लिहिलं तर खालचं हुकत नाही. "आधी मिळण्यासारखं टाका" हा सल्ला देणाऱ्याला हे यंत्र कळलेलं नसतं. उलट पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो तिथंच गोठतो, तेव्हा नुसतं मिळेल म्हणून वर काही लिहू नये.

खरी अक्कल लागते ती यादीच्या तळाशी. वरच्या पाच-सात ओळी सगळेच हौसेनं भरतात. मधल्या ओळी तीन वर्षांचे नंबर बघून भरता येतात. तळाला जी कॉलेजं असतील ती मात्र फी, वसतिगृह, एस.टी. असं सगळं बघून, जिथं मूल खरंच चार वर्षं राहील अशीच हवीत. तिथंच अजूनही गोखल्यांच्या भावाचा पगार आणि माझी मावशी येऊन बसतात.

मेळाव्याच्या दिवशी मी लॅपटॉप आणि मागच्या तीन वर्षांच्या याद्या घेऊन येतेय. यंदा ज्यांच्याकडं बारावी आहे त्यांनी जेवणानंतर मला गाठा. मुलगी असेल तर तिलाही सोबत आणा.