हातची लाट

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर, टॉर्कीला होत्या. तिथल्या खडकांत त्यांना जिवंत प्रवाळ मिळाले. थंड पाण्यातले, एकेकटे राहणारे, लहानशा पेल्याच्या आकाराचे. हे लंडनला घरी न्यायचे कसे? बाईंनी सुई-दोरा काढला, एक मोठा स्पंज घेतला आणि त्यावर ते प्रवाळ चक्क टाके घालून बसवले, म्हणजे वाटेत दगडी बरणीत एकमेकांवर आपटायला नकोत. बरणी वेस्टमिन्स्टरला सुखरूप पोचली.

प्रवाळ आले, पण समुद्र कुठून आणायचा? खारं पाणी मागवता येत होतं, पण पुरेसं नाही. आणि भांड्यात ठेवलेलं पाणी शिळं होई. मग बाईंनी तेच पाणी ताजं करायचा उपाय काढला. उघड्या खिडकीपाशी उभं राहून या भांड्यातून त्या भांड्यात, त्यातून परत यात, चहा निववतात तसं ओतत राहायचं. अर्धा-पाऊण तास. काम दमवणारं होतं हे बाईंनीच पुढे लिहिलं आहे. अर्थात दमायचं दुसऱ्या कोणी. घरात एक छोटी मोलकरीण होती, ती हे करायची, आणि तिला ती करमणूकच वाटायची असं बाई म्हणतात. मोलकरणीनं स्वतः लिहिलं असतं तर कदाचित वेगळं वाचायला मिळालं असतं.

घरात खाऱ्या पाण्याचं प्रवाळ-मत्स्यालय थाटणाऱ्यांची कुळकथा मी या खिडकीपासून धरतो. याआधीचा मान तसा जान विलप्र-पॉवर यांचा. चांभाराची मुलगी, पॅरिसमध्ये शिवणकामावर नाव काढलेली, लग्न होऊन सिसिलीतल्या मेसिनाला आलेली. अर्गोनॉट हा आठ हातांचा प्राणी आपला शिंपला स्वतः घडवतो की दुसऱ्याचा बळकावतो, हे डोळ्यांनी पाहायचं म्हणून १८३२ साली त्यांनी काचेच्या टाक्या करवून घेतल्या. शिंपला तो स्वतःच घडवतो हे त्यांनी सिद्ध केलं. पण त्यांच्या दाराशी समुद्र होता. थिनबाईंना तो घरात चालवायचा होता, आणि हौशी माणसाची खरी अडचण तीच. समुद्रात लाट जे काम फुकट करते, म्हणजे पाण्यात हवा मिसळणं, घाण नेणं, खाणं आणणं, ते काम घरात कोणाच्या गळ्यात घालायचं?

१८४७ मध्ये बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ टाकलं आणि मोलकरणीचं काम बरंचसं त्या शेवाळावर गेलं. यामागचं रसायन १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानं गोड्या पाण्यात दाखवून दिलं: वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात, सडक्या पानांनी पाणी बिघडू लागलं तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या, त्यांनी सफाई केली. टाकीत तीन बिऱ्हाडं सुखानं नांदू लागली.

मग आले फिलिप हेन्री गॉस. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जे मत्स्यगृह उघडलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि १८५४ साली त्यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक निघालं. तोवर लोक या टाकीला 'अ‍ॅक्वा-व्हिव्हेरियम' असं जिभेला पीळ पाडणारं नाव देत. गॉसनी सुटसुटीत 'अ‍ॅक्वेरियम' रूढ केलं. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गुरांना पाणी पाजायची जागा. आपल्याकडे विहिरीच्या काठाला हाळ असतो, तोच हा. आपण मराठीत त्याचं 'मत्स्यालय' केलं आणि प्रवाळ, शेवाळ, गोगलगायी सगळ्यांना दाराबाहेर ठेवलं. मला विचाराल तर 'हाळ' वाईट नव्हता.

काचेवरचा कर ब्रिटनमध्ये १८४५ सालीच उठला होता, रेल्वे समुद्राचं पाणी पिंपांतून शहरात आणत होती, आणि दिवाणखान्यात खारी टाकी असणं हे प्रतिष्ठेचं लक्षण झालं. ज्यांना समुद्र लांब पडे त्यांच्यासाठी गॉसनी कृत्रिम खाऱ्या पाण्याची कृती दिली. चार क्षार: साधं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड. त्यात कॅल्शियम नाही. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियमचाच बांधतो, हे आजच्या हौशी माणसाच्या तोंडपाठ असतं. पुस्तकं वाचून लोक किनाऱ्यांवर असे तुटून पडले की खडकांतली डबकी ओकीबोकी झाली. गॉसच्या मुलानं, एडमंडनं, पुढे आपल्या आत्मचरित्रात याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. १८६० चं दशक सरता सरता ही लाट ओसरली.

पुढच्या शतकात विजेवर चालणारे हवेचे पंप आले, विकतची समुद्री मिठं आली, मासे जगू लागले. प्रवाळ मात्र मरत राहिले. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला ऊन लागतं. आणि पाण्यात साचणारी घाण प्रवाळाला सोसत नाही.

कोडं सुटलं ते जकार्तात. ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली 'नैसर्गिक पद्धत' मांडली. समुद्राचं पाणी, खिडकीतून येणारं ऊन, हवेचे बुडबुडे आणि समुद्रातून उचललेले दगड. दगड म्हणजे नुसते धोंडे नव्हेत. सच्छिद्र, भोकाभोकांत जिवाणू, किडे, स्पंज भरलेले. माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया त्यावरचे जिवाणू नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात. यंत्रांनी खचाखच भरलेल्या टाक्यांत पाश्चात्त्यांचे प्रवाळ जगत नव्हते आणि या माणसाच्या घरात ते वाढत होते. ऊन आणि समुद्र हाताशी असणं हे त्याचं भांडवल होतं, हेही खरं.

ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्या जर्मनांनी यंत्राचीच वाट पुढे नेली. प्रखर दिवे लावले, दगड आणले, आणि फेस काढणारं नळकांडं बसवलं. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी झाऱ्यानं काढतात ना, तसंच. बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातली सेंद्रिय घाण त्यांना चिकटून वर येते आणि चहाच्या रंगाचा दुर्गंधी फेस पेल्यात जमतो. किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा जो फेस येतो त्यातही हेच घडतं. पेटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचं पाणी टाकीत घालून कॅल्शियमचा प्रश्न सोडवला. पानाच्या डबीतला चुना प्रवाळाच्या हाडांत गेला म्हणायचा!

१९८६ साली जॉर्ज स्मिट यांनी अमेरिकी मासिकात डच धर्तीच्या छोट्या प्रवाळ-टाकीवर लेखमाला लिहिली आणि ही हौस तिकडे घरोघर शिरली. त्या टाकीत पाणी वरच्या कडेवरून खाली ओघळतं, खाली ठेवलेल्या फिल्टरमधून झिरपतं आणि पंपानं परत वर चढतं. म्हणजे टाकी दुमजली झाली. आणि इथून स्टँडची गोष्ट सुरू होते, कारण आजवर स्टँड म्हणजे मेज होतं. आता ती यंत्रशाळा झाली.

बाजारातल्या तयार स्टँडमध्ये खालचा हौद मावत नाही, मावला तर मधला खांब आडवा येतो आणि हात पोचत नाही. म्हणून लोक स्वतःच करवत हातात घेतात. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावतं; काच आणि दगड धरून साडेतीनशे किलोच्या घरात जातं. पाच धडधाकट माणसं रात्रंदिवस एका मेजावर बसवल्यासारखंच. म्हणून आडवी तुळई खांबाच्या डोक्यावर बसवायची, खांबाच्या कुशीला स्क्रूनं टांगायची नाही. स्क्रूनं जोड धरून ठेवायचा, भार लाकडानं लाकडावर द्यायचा. माझ्या डोंबिवलीच्या मित्राचा पहिला स्टँड भुशाच्या बोर्डाचा, विकतचा. पाणी शिंपडून शिंपडून सहा महिन्यांत त्याच्या कडा पुरीसारख्या फुगल्या. दुसरा त्यानं सुताराबरोबर बसून मरीन प्लायचा केला. सुतारानं चारही कोपऱ्यांवर पाणसळ फिरवली, पुढच्या पायाखाली पातळ पाचर सारली, परत फिरवली. "पाण्याला खोटं बोलता येत नाही साहेब," म्हणाला. "भरलं की कळेलच." एवढं करूनही खार फुटतोच, बिजागऱ्यांवर पांढरी दाढी उगवते.

मित्राच्या टाकीत प्रवाळ नाहीत. २००१ मध्ये आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला जाऊन बसले. मालवणच्या समुद्रात ते आहेत, पण तिथून एक तुकडाही घरी आणणं गुन्हा. त्यामुळे त्याच्याकडे सिमेंटचे दगड आणि हॅचरीत जन्मलेले दोन क्लाऊनफिश. लाटेचं काम बोटभर पंख्यांचे दोन पंप करतात. आळीपाळीनं चालू-बंद होऊन पाणी कधी इकडे ढकलतात, कधी तिकडे.

गेल्या पावसाळ्यात मी गेलो होतो तेव्हा दिवे गेले. इन्व्हर्टर आधीच बसला होता. वरचं पाणी गुळगुळत खालच्या हौदात उतरलं आणि थांबलं. पंखे थांबले. मित्रानं स्वयंपाकघरातून स्टीलचा जग आणला, स्टुलावर चढला आणि टाकीतलं पाणी भरून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायला लागला. भर, ओत. मासे धारेपाशी आले. दहा मिनिटांनी त्यानं जग माझ्या हातात दिला आणि खांदा चोळत बसला.

"किती वेळ?" मी विचारलं.

"अर्धा-पाऊण तास," तो म्हणाला.