तळटीप १४ : बेर्वाल्डची ‘सिंफनी सँग्युलिएर’

१४. ‘स्वीडिश अस्थिवैद्याची सिंफनी’ हा लेखकाचा ओझरता निर्देश फ्रान्स बेर्वाल्ड (१७९६–१८६८) या स्टॉकहोमच्या संगीतकाराने १८४५ साली रचिलेल्या, सी मेजरमधील ‘सिंफनी सँग्युलिएर’ या कृतीस उद्देशून आहे. वादकांच्या घराण्यात जन्मून व तरुणपणी दरबारी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवूनही केवळ संगीतावर चरितार्थ चालविणे ज्यास साधले नाही, अशा या मनस्वी पुरुषाने १८३५ साली बर्लिनमध्ये अस्थिव्यंगांवर उपचार करणारी संस्था काढली, आणि १८५० पासून काही वर्षे उत्तर स्वीडनमधील सांडो येथील काचकारखान्याचा कारभार पाहिला. १८४२ ते १८४५ या काळातील त्याच्या चार सिंफन्यांपैकी ‘सेरियूझ’ ही एकच त्याच्या हयातीत वाजविली गेली. प्रस्तुत कृती मात्र त्याच्या निधनानंतर तब्बल सदतीस वर्षांनी, जानेवारी १९०५ मध्ये, टोर औलिनच्या नेतृत्वाखाली स्टॉकहोम येथे प्रथम श्रोत्यांच्या कानी पडली. पुढच्या परिच्छेदातील ‘भागाच्या पोटातील भाग’ हे शब्द तिच्या रचनेविषयी आहेत : तत्कालीन दंडकाप्रमाणे चार भाग न योजता बेर्वाल्डने तीनच योजिले, व चपळ स्केर्त्सो हा संथ गतीच्या मधल्या भागातच अशा खुबीने बसविला की, तो सरताच आधीची गंभीर सुरावट पुनश्च प्रकट होते. शूमान व मेंडेल्सन यांच्या पिढीत इतक्या स्वतंत्र प्रज्ञेची घडण विरळाच आढळते, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे. अंतिम भाग सी मायनरमध्ये आरंभून अखेरीस सी मेजरमध्ये विसावतो.