मेंदूची अँजिओग्राफी करताना 'सायलेंट स्ट्रोक' येऊ शकतो का?

अँजिओग्राफी म्हटलं की आधी हृदय आठवतं. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांचीही अँजिओग्राफी होते. रिपोर्टवर तिचं नाव बहुतेक वेळा 'डीएसए' असं असतं, म्हणजे डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून कॅथेटर नावाची बारीक नळी मानेतल्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात, तिथून डाय सोडतात आणि एक्स-रेवर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बनला पहिल्यांदा असं चित्र मिळवलं. तेव्हा डाय थेट मानेतल्या धमनीत टोचत, कॅथेटरची पद्धत नंतर आली.

मग धोका कुठे आहे?

नळी पुढे सरकताना तिच्यावर रक्ताची बारीकशी गुठळी धरू शकते. धमनीच्या आत साचलेल्या चरबीच्या थराचा कण सुटू शकतो. डायबरोबर हवेचा सूक्ष्म बुडबुडाही जाऊ शकतो. यातलं काहीही मेंदूतल्या लहान वाहिनीत अडकलं की तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. भाग मोठा किंवा महत्त्वाचा असेल तर हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. अगदी छोटा असेल तर रुग्णाला काहीच जाणवत नाही. यालाच सायलेंट स्ट्रोक म्हणतात आणि तो फक्त एमआरआयवर दिसतो.

जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये याचा अभ्यास छापला. त्यांनी १०० प्रोसिजरच्या आधी आणि नंतर एमआरआय केले. त्यात नुसत्या तपासण्या होत्या, तसे कॅथेटरने केलेले उपचारही होते. २३ प्रोसिजरनंतर मेंदूत नवे ठिपके दिसले. पण एकाही रुग्णाला नवा त्रास जाणवला नव्हता. ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच खराब होत्या, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं.

व्हॉट्सॲपवर याचं 'चारातल्या एकाला स्ट्रोक' व्हायला वेळ लागणार नाही, म्हणून दुसरा आकडाही बघा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने जवळपास २० हजार डीएसए तपासण्यांची नोंद तपासली. कायमचं अपंगत्व आणणारा स्ट्रोक ०.१४ टक्के, म्हणजे हजारात एक-दोन जणांना आला. मृत्यूचं प्रमाण ०.०६ टक्के होतं. एक आकडा स्कॅनवरच्या ठिपक्यांचा आहे, दुसरा माणसाच्या हातापायाचा. दोन्ही खरे आहेत, पण ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

ठिपके निरुपद्रवी आहेत का?

इथे सरळ 'हो' म्हणता येत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या ज्येष्ठांच्या मेंदूत सायलेंट स्ट्रोकच्या जुन्या खुणा होत्या, त्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. मात्र त्या खुणा अँजिओग्राफीमुळे झालेल्या नव्हत्या. अँजिओग्राफीनंतरचे बरेच छोटे ठिपके पुढच्या स्कॅनमध्ये दिसेनासे होतात. म्हणून रॉटरडॅमचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटवणं चूक ठरेल.

चांगली बातमी म्हणजे हा धोका कमी करता येतो. पहिल्या अभ्यासाच्याच गटाने २००४ मध्ये १५० तपासण्यांवर पुढची चाचणी केली. हेपारिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध दिलं, किंवा डायच्या नळीला हवा अडवणारा फिल्टर लावला, तेव्हा ठिपके बरेच कमी झाले. अशा साध्या गोष्टींनी इतका फरक पडावा, हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

डॉक्टरांना काय विचाराल?

आधी हे विचारा: सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने काम भागेल का? त्यात मेंदूच्या वाहिन्यांकडे नळी न्यावी लागत नाही, त्यामुळे हा धोका नसतो. पण रक्तवाहिनीवरचा छोटा फुगा (अ‍ॅन्युरिझम) किंवा धमन्या-शिरांचा गुंता नीट बघायचा असेल, तर अजूनही डीएसएच लागू शकते. फुगा फुटलेला असेल तर तपासणी टाळणं हाच मोठा धोका असतो. वय जास्त असेल, मधुमेह असेल किंवा मानेतल्या धमन्यांत चरबी साचलेली असेल, तर ते आधीच सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.

तपासणीनंतर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दिसणं धूसर झालं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर 'भुलीचा परिणाम असेल' म्हणून थांबू नका. वॉर्डात असाल तर लगेच नर्सला सांगा, घरी आला असाल तर थेट इमर्जन्सी गाठा.