मागण्याची रीत

पूर्वी दिल्लीला मराठी माणसाची चाहूल घोड्यांच्या टापांवरून लागत असे. १७३७ मध्ये बाजीराव पेशवे तिच्या वेशीशी येऊन धडकले. १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या आधारावर शहा आलम तिच्या तख्तावर परतला. नोव्हेंबर १९५१ मध्ये मात्र गागोद्यात जन्मलेला एक कृश पुरुष पवनारहून दोन महिने पायी चालत आला आणि राजघाटावर झोपडीत उतरला. पहिल्या पंचवार्षिक योजनेविषयी विचारविनिमय करण्यासाठी पंडित नेहरूंनी विनोबांना बोलाविले होते. विनोबांनी निमंत्रण स्वीकारले. वाहन स्वीकारले नाही.

या पदयात्रेत एका शंकेची परीक्षा होती. त्याच वर्षी १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलित कुटुंबांनी विनोबांपाशी ८० एकर जमीन मागितली. तो प्रश्न त्यांनी समोर बसलेल्या गावालाच विचारला, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. पुढे तेलंगणाच्या यात्रेत बारा हजारांहून अधिक एकर मिळाले. परंतु तो मुलूख तेव्हा सशस्त्र उठावाने पेटलेला होता. जमीनदारांनी दिले ते करुणेने की भयाने, असे जाणते लोक विचारू लागले. पवनार ते दिल्ली या वाटेवर तसे भय नव्हते. तरीही लोक देत गेले.

घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे विनोबा सांगत. दान म्हणजे न्याय्य वाटणी, हा शंकराचार्यांनी केलेला अर्थ ते पुढे ठेवीत. त्यामुळे देणारा उपकारकर्ता ठरत नसे आणि घेणारा मिंधा होत नसे.

तथापि इतिहासाने दुसरी बाजूही नोंदली आहे. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर मिळविण्याचा संकल्प होता. चळवळीच्या सर्व वर्षांत चाळीस लाखांहून काही अधिक एकरांचे दान जाहीर झाले; त्यातही पुष्कळ जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली, कित्येक ठिकाणी ती वाटलीच गेली नाही. दानपत्रावर सही होताना विनोबा समोर असत. मोजणी, नोंदणी, बैल आणि बियाणे यांची वेळ येई तेव्हा ते पुढच्या गावी पोहोचलेले असत. मन वळविण्यास एक माणूस पुरला. नंतरचे काम उचलण्यास गावोगाव माणसे हवी होती.

मागणाऱ्याने दात्याच्या दाराशी चालत जावे, हे विनोबांनी दाखविले. दिलेले पोहोचले की नाही, हे पाहण्यासाठी त्याच वाटेने पुन्हा एकदा चालावे लागते.