दिनविशेष : १७ मार्च – अनुताई वाघ

आदिवासी बालशिक्षणाच्या कार्यास ज्यांनी आपली उभी हयात वाहिली, त्या अनुताई वाघ यांचा जन्म १९१० साली आजच्या दिवशी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. कोवळ्या वयातच विवाह आणि लागलीच वैधव्य अशी दैवगती ओढवली असताही, तत्कालीन रूढीने नेमून दिलेला कोपरा न स्वीकारता त्यांनी शिक्षिकेचा पेशा पत्करला, ही त्या काळाचा विचार करता असामान्य धैर्याची गोष्ट होय. १९४५ साली बोर्डी येथे त्यांना ताराबाई मोडक यांच्यासारख्या गुरू लाभल्या आणि पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडची टेकडी हीच त्यांची कर्मभूमी झाली.

तेथील वारली मुले शाळेत येत नसत, कारण गुरे राखणे आणि धाकट्या भावंडांस सांभाळणे ही घरची कामे त्यांच्याच माथी होती. तेव्हा मुलांस दोष न देता या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली, आणि खडे, पाने, शिंपले, बिया यांनाच शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा दिली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचे मूळ या प्रयोगात आहे, याचे स्मरण आपण पुरेसे ठेवलेले नाही. १९७३ साली ताराबाई निवर्तल्यावर कार्याची सर्व धुरा अनुताईंनी वाहिली. १९८५ साली ‘पद्मश्री’ने गौरविल्या गेलेल्या अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी कालवश झाल्या.