वतन, नोकरी आणि लॅपटॉप : स्वतंत्र कामाचा आपला इतिहास



सध्या आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींच्या तोंडी एक नवा शब्द आहे : फ्रीलान्सिंग. कोणी घरी बसून वेबसाइट बनवतो, कोणी भाषांतर करते, कोणी परदेशातल्या कंपनीचे हिशेब सांभाळते. साहेब नाही, हजेरी नाही, गाव सोडायची गरज नाही, म्हणून हेच खरे स्वातंत्र्य असे सांगितले जाते. आम्ही या कामाच्या विरोधात नाही. पण आपल्या समाजाने "कामाचे स्वातंत्र्य" यासाठी शंभर वर्षांपूर्वी जी लढाई लढली ती ठाऊक नसेल, तर या नव्या शब्दाची किंमत आपल्याला कळणार नाही.

आधी वतनाकडे पाहू. महार वतन म्हणजे काय, हे आजच्या पिढीला फक्त शिवी म्हणून माहीत आहे. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या गुलामीला सरकारी शिक्का दिला होता. सरकारी टपाल पोचवणे, सारा तालुक्याला नेणे, दवंडी देणे, आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला उभे राहणे आणि वर गावाने सांगितलेले प्रत्येक हलके काम करणे, ही महाराची चाकरी होती. तिला वेळ नव्हती. रात्री बारा वाजता हाक आली तरी जायचे. घरचा कर्ता पुरुष परगावी असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी जायचे. बदल्यात इनामाचा एक तुकडा, जो पिढ्यांगणिक वाटण्या होऊन कपाळाएवढा उरला होता, आणि शेतकऱ्यांनी दिले तर बलुते. नाही दिले तर दाद कोणाकडे मागणार?

आता नीट बघा. वतनदार महाराला कचेरी नव्हती, हजेरीपट नव्हता, ठरलेला पगार नव्हता. तो राहत होता स्वतःच्या घरी, नावावर जमीनही होती. कागदावर तो जवळजवळ स्वतंत्र माणूस होता! आणि तरी त्याच्याइतका बांधलेला माणूस गावात दुसरा नव्हता. घरात बसून काम केले की माणूस मोकळा होतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण डोळ्यासमोर ठेवावे. काम कुठे बसून होते हा प्रश्न दुय्यम आहे. "नाही" म्हणता येते का, मोबदला कोण ठरवतो आणि तो बुडवला तर कोणाला जाब विचारता येतो, हे तीन प्रश्न खरे.

बाबासाहेबांनी नेमके हेच ओळखले होते. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारता'तून त्यांनी वतनावर लिहिले आणि १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात दुरुस्ती विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि ज्याला चाकरी नको त्याने पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी, अशी तजवीज त्यात होती. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. १९३७ मध्ये पुन्हा प्रयत्न, १९३९ मध्ये हरेगावची परिषद. शेवटी कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आणि हेही सांगायला हवे की वतनाला चिकटून राहणारे आपल्यातही होते. तो तुकडा आणि ती भाकरी सोडायची भीती वाटत होती. भुकेल्याला ती वाटणारच.

दुसरा धडा बाबासाहेबांच्या स्वतःच्या पोटापाण्याचा. हा भाग जयंतीच्या भाषणांत फार थोडा येतो. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत गेलेल्या या परदेशी पदवीधराच्या टेबलावर शिपाई फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर व्यवहारात सल्ला देण्याचा स्वतंत्र धंदा सुरू केला. गिऱ्हाइकांना जात कळली आणि धंदा बसला. म्हणजे नोकरीत जात आडवी आली, धंद्यातही आली.

मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगार चांगला, पण ती सरकारी नोकरी. त्यामुळे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. लेखणी बाबासाहेबांची, नाव दुसऱ्याचे! आता १९२७ चे 'बहिष्कृत भारत' बघा. तिथे संपादक म्हणून ते स्वतः आहेत. मधल्या काळात काय बदलले? १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले, सनदेसाठी नवल भथेना या मित्राने पैसे दिले आणि त्यांनी वकिली सुरू केली. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य वकिलाला कामे देत नव्हती, म्हणून जोडीला शिकवण्याचे काम केले. मिळकत बेभरवशाची. पण तोंडावर कोणाचा हात नव्हता. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १९२६ मध्ये ते बेधडक उभे राहू शकले ते यामुळेच. महाडचा सत्याग्रह एखाद्या सरकारी नोकराला करता आला असता का?

आम्ही स्वतंत्र कामाचे महत्त्व मानतो ते या अर्थाने. सरकारी नोकरीतल्या आपल्या माणसाने चळवळीला वर्गणी भरपूर दिली, पण आचारसंहितेच्या धाकाने त्याला गप्पही बसावे लागले. उद्या आपल्यातले हजारभर तरुण कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसतील, तर गावच्या अत्याचाराच्या केसमध्ये साक्ष द्यायला ते मागेपुढे बघणार नाहीत. मात्र कोणी याचा आधार घेऊन "आता आरक्षणाची गरज काय" असा सूर लावला, तर त्याला तिथेच थांबवा. ज्याला नोकरीचा पर्याय खुला आहे, त्याचाच धंदा स्वेच्छेचा असतो.

जात लॅपटॉपला दिसत नाही, असे म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाटण्याचा प्रश्न येई. संगणकात धाग्याला थुंकी लागत नाही, हे खरेच मोठे अंतर आहे. पण आडनाव दिसते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने सिस्को या कंपनीविरुद्ध जातिभेदाचा खटला भरला. पुढे २०२३ मध्ये त्यातल्या दोन अभियंत्यांवरचे आरोप मागे घेतले गेले, तरी त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. सात समुद्र ओलांडून जात तिथे पोचली, मग ती इंटरनेटच्या तारेतून पोचणार नाही कशावरून?

"गावी जा, निसर्गात बसून काम करा" ही जाहिरातही आपल्यासाठी नाही. कोणाच्या गावी? कोणत्या आळीत? बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हणून सांगितले ते हौसेने नव्हे.

आणि ॲपवरचे काम? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते. त्यांचा दर कंपनी ठरवते, खाते ती एका क्षणात बंद करते आणि वर त्यांना "भागीदार" म्हणते. १९४६ मध्ये मजूरमंत्री बाबासाहेबांच्या विधेयकाने कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. या "भागीदारा"ला तो आठवडा लागू नाही. याला आम्ही स्वतंत्र काम म्हणणार नाही. हे बिनजमिनीचे वतन आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात तिथे पोरीने व्हिडिओ कॉल कुठे घ्यायचा? घरी असलेल्या पोरीला कामात असलेली कोणी मानत नाही, पाहुणा आला की चहा तिनेच टाकायचा. आणि त्याच वस्तीतले बुद्ध विहार १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडून बहुतेक वेळ कुलपात असते. तिथे चार टेबले, विजेचे बोर्ड, एक इंटरनेट जोडणी आणि किल्ली सांभाळणारा एक माणूस, एवढे प्रत्येक वस्तीने यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून करावे. डीजेचा एक दिवस कमी करा, पैसे निघतील.