दोन हिमनद्यांमधला पूल

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरील कॉर्डोव्हा हे बंदर आणि तेथून लोहमार्गाने १९६ मैल आत, रँगल पर्वतराजीच्या कुशीत वसलेले केनिकॉट हे खाणगाव, या दोहोंमधील सारा मुलूख कॉपर नावाच्या नदीच्या अमलाखाली होता. वर्षातील बराच काळ गोठलेली आणि उरलेला काळ गढूळ, वेगवान व हिमनगांनी भरलेली ही नदी ओलांडल्यावाचून त्या प्रदेशातील तांब्याला समुद्राचे दर्शन घडणे शक्य नव्हते.

या तांब्याची वार्ता मुळात गोऱ्या लोकांनी शोधून काढलेली नव्हती. त्या नदीखोऱ्यातील आत्ना लोक पिढ्यान् पिढ्या शुद्ध तांब्याच्या गोळ्यांपासून सुऱ्या व बाणांची टोके घडवीत आले होते, आणि १८९९ साली त्यांच्या निकोलाय नावाच्या नायकानेच परक्या शोधकांना एका तांब्याच्या शिरेचा ठावठिकाणा दाखविला होता. पुढील वर्षी क्लॅरेन्स वॉर्नर व जॅक स्मिथ या दोघांना केनिकॉट हिमनदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, एवढे समृद्ध खनिज आढळले की त्यातील काही दगडांत सत्तर टक्क्यांपर्यंत तांबे निघाले. स्टीफन बर्च या तरुण खाण-अभियंत्याने तेथील खाणकामाचे हक्क विकत घेतले, मॉर्गन व गुगेनहाइम या धनाढ्य घराण्यांनी भांडवल पुरविले, आणि रेल्वे बांधण्याचा मक्ता मायकेल हेनी या अनुभवी मक्तेदाराकडे गेला. आत्ना लोकांच्या पदरात मात्र या सगळ्या व्यवहारातून फारसे काही पडले नाही, आणि या कथेतील सारे कौतुक वाचताना ही गोष्ट विसरली जाऊ नये, असे मला वाटते.

पूल नेमका कोठे बांधावा, याचा निर्णय माणसांनी घेतला असे म्हणण्यापेक्षा भूगोलाने त्यांच्यावर लादला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. कॉर्डोव्हाहून निघालेला लोहमार्ग नदीमुखाचा दलदलीचा प्रदेश पार करून पूर्वतीरावर येई, कारण खालच्या अंगाला पश्चिमतीर चाइल्ड्स हिमनदीने अडविला होता. पण थोडे वर गेले की माइल्स हिमनदी पूर्वतीर अडवून बसलेली. साहजिकच, एकीला मागे टाकून दुसरी लागण्याच्या आत, ४९व्या मैलाच्या सुमारास, नदी ओलांडणे प्राप्त झाले. माइल्स हिमनदीचे तुटलेले कडे उन्हाळाभर प्रवाहाबरोबर खाली येत आणि पुलाच्या खांबांवर आदळत. म्हणून ते खांब दाबलेल्या हवेने पाणी हटविणाऱ्या पेट्यांच्या साहाय्याने नदीतळाखालील खडकापर्यंत नेऊन काँक्रीटने भरण्यात आले, त्यांच्याभोवती पोलादी रुळांचे कवच बसविण्यात आले, आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूस हिमनगांचा मारा झेलण्यासाठी स्वतंत्र बंधारे उभारले गेले.

पोलादी गाळे चढविण्याचे काम मात्र हिवाळ्यातच उरकणे भाग होते. नदी गोठलेली असताना बर्फातून लाकडी खांब ठोकून त्यांवर परांची उभारायची, तीवर पोलाद जोडायचे, आणि बर्फ फुटण्यापूर्वी गाळा स्वतःच्या बळावर उभा करायचा, अशी ती योजना होती. एकूण चार गाळे, लांबी सुमारे १,५५० फूट, आणि त्यांतला तिसरा एकटाच ४५० फुटांचा. आपल्याकडे वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर. तिकडील वसंत म्हणजे मुदत संपल्याचा निर्वाणीचा हुकूम. १९१० सालच्या त्या वसंतात पाणी चढू लागले, जाड बर्फाचा थर वर उचलला गेला, त्यात अडकलेले खांब बर्फाबरोबर सरकू लागले, आणि तिसऱ्या गाळ्याखालची सबंध परांची रेषेपासून सुमारे पंधरा इंच ढळली. अभियंता ई. सी. हॉकिन्स व पूलबांधणीचे प्रमुख ए. सी. ओनील यांच्या हाताखालील मजुरांनी थंडीवाऱ्यात रात्रंदिवस वाफेच्या नळ्यांनी प्रत्येक खांबाभोवतीचा बर्फ वितळविला, जखडलेले खांब मोकळे केले, आणि दोरखंड व कप्प्या लावून ती अवाढव्य परांची इंचाइंचाने पुन्हा जागेवर ओढून आणली. १६ मे रोजी तिसरा गाळा खांबांवर विसावला आणि त्यानंतर अल्पावधीतच फुटलेल्या बर्फाने त्याखालची सर्व परांची वाहून नेली. हेनी आणि हॉकिन्स यांची नावे ग्रंथांत आली; वाफेच्या नळ्या धरणाऱ्यांची आली नाहीत, आणि माझ्या मते या पुलाचा खरा मान त्यांचाच आहे.

पूल पुरा झाला, पण हेनीला लोहमार्गाची पूर्तता पाहता आली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याचे निधन झाले. २९ मार्च १९११ रोजी केनिकॉटला तांब्याचा खिळा ठोकून मार्ग पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. या एका पुलाचा खर्च सुमारे चौदा ते पंधरा लक्ष डॉलर होता आणि त्या काळच्या हिशेबाने तो डोळे फिरविणारा होता. तथापि पुढील पाव शतकात त्यावरून सुमारे वीस कोटी डॉलरांचे तांबे समुद्राकडे गेले. गंमत अशी की, याच नदीवर आणखी वर, चिटिना गावापाशी, कंपनीने लाकडी पूल बांधला होता आणि बहुतेक दर वर्षी बर्फ तो वाहून नेई व नंतर तो पुन्हा उभारला जाई. खाली दोन हिमनद्यांमधला पोलादी पूल अढळ, आणि वर दरवर्षी नवा लाकडी पूल, अशी ती व्यवस्था होती. तेथे डागडुजीचा खर्च हाच स्वस्त सौदा ठरला.

खाणींतील खनिज सरले आणि भावही घसरले, तेव्हा १९३८ च्या नोव्हेंबरात शेवटची गाडी केनिकॉटहून निघाली. मार्ग ओस पडला, पण पूल उभा राहिला. पुढे तो रस्त्यासाठी वापरण्याची तजवीज झाली आणि काम पुलापर्यंत पोहोचलेही. तोच २७ मार्च १९६४ च्या प्रचंड भूकंपाने उत्तरेकडील गाळ्याचे एक टोक खांबावरून घसरून नदीत गेले. जे काम बर्फाला साधले नव्हते ते भूमीने केले. कशीबशी डागडुजी करून वाहने सोडली जात. मात्र गाळा पुन्हा उचलून जागेवर बसविण्याचे खरे काम २००५ साली पूर्ण झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी, २०११ मध्ये, नदीने आपल्या मुखाजवळच पात्र बदलले आणि कॉर्डोव्हाच्या रस्त्यावरील ३६व्या मैलाजवळच्या एका लहान पुलाच्या पायाखालची माती खरवडून नेली. तो पूल बंद करावा लागला आणि त्यामुळे नुकत्याच दुरुस्त केलेल्या मोठ्या पुलापर्यंत मोटारीने जाण्याची वाट तुटली.